सात नंबरचं ग्रीन आणि अष्टमीची भरती

सात नंबरचं गवत करपलं आणि प्रधानसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. ते आमच्या गोल्फ क्लबचे सेक्रेटरी. टेबलावर माझंच ड्रॉइंग पसरलेलं.

"ओव्हरसीअर, हे काय आहे?"

"खाडीचं पाणी चढलं, साहेब."

"ते मलाही दिसतंय. दिवाळीनंतर मॅचेस आहेत. कोजागिरीपर्यंत तिथे हिरवं दिसलं नाही तर दुसरीकडे नोकरी बघा."

माझं नुकतंच लग्न झालेलं, ठाण्यात खोली घेतलेली.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. पहिला फटका मारतात ती जागा म्हणजे टी. शेवटी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा असतो, ते ग्रीन. त्यात चेंडू पाडायची खळगी असते. टीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या पट्ट्याला होल म्हणतात. आमचा क्लब खाडीला लागून, आणि सात नंबरचा होल नावाजलेला. मुंबईचे लोक मुद्दाम तो खेळायला यायचे. इंग्रज गेले, क्लब आपल्या लोकांकडे आला, तरी त्याचा मान तसाच होता.

कपाटात त्या होलची तीन जुनी ड्रॉइंग्ज होती. पहिल्यात होल सरळसोट आणि ग्रीन अगदी खाडीच्या काठावर. बऱ्याच वर्षांनंतरच्या दुसऱ्यात ग्रीन आत ओढलेलं, त्याच्यापुढे मातीचा एक उंचवटा, आणि त्याला धरून वाट डावीकडे वळलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराच्या तिसऱ्यात त्या वळणावर एक बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. नव्या कमिटीला पहिलंच ड्रॉइंग आवडलं. 'ओरिजिनल डिझाइन' परत आणायचं ठरलं. होल आखणाऱ्या इंग्रज साहेबाने ते का बदललं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. डिप्लोमा ताजा होता, अंगात मस्ती होती.

एका सकाळी सहाच्या भरतीला मी लेव्हल, म्हणजे पाण्याच्या आणि जमिनीच्या उंचीची मापं, घेतल्या. पाणी काठाच्या चांगलं दोन फूट खाली. हेडमाळी हिराजी बघत उभा होता. तिथलाच आगरी, भातशेती आणि मिठागरात वाढलेला, माझ्या वडिलांच्या वयाचा.

"सायेब, मापं कंच्या तिथीला घेतली?"

"आज अष्टमी. का रे, मुहूर्त चुकला?" मी हसलो.

"अष्टमीला भांग असतं. पानी अर्धंच येतं. आवसेला बगा."

"अरे, लेव्हल मशीन खोटं बोलत नाही."

आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. अष्टमीच्या आसपास भरती लहान, तिला भांग म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेला मोठी, ते उधाण. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मी घाटावरून आलेला. तो उंचवटा सपाट केला, काठावर ग्रीन केलं आणि आषाढातल्या अमावस्येला भर दुपारी सगळीकडे गुडघाभर खारं पाणी!

साहेबांच्या ऑफिसातून निघालो तो थेट हिराजीच्या घरी.

"हिराजीदादा, चुकलं माझं. आता नोकरी जाते."

टोमणा मारायचा त्याला पुरा हक्क होता. त्याने पागोटं डोक्याला गुंडाळलं. "नोकरीचं मना म्हाईत नाय. जमीन धुता येल. चला."

ओहोटी लागली की त्याच्या गावची वीस माणसं खाडीतला चिकट चिखल काढून बांध थापायची. मी खुंट्या ठोकून सरळ दोरी बांधली होती. हिराजीने ती उपटून बाजूला ठेवली आणि पायाने जमीन चाचपत, वाकडं जात, बांधाची रेघ आखली. ती मी मोजून दुसऱ्या ड्रॉइंगवर ठेवून बघितली. तंतोतंत तेच वळण!

"त्या सायबाला माझ्या बानंच दाखवलं व्हतं," हिराजी म्हणाला. "आमच्या शेताचा बांध ह्यो."

"आणि तो बंकर?"

"बांधाला माती काढली, त्याचा खड्डा. सायबानं त्यात रेती भरली."

मी थक्क झालो. ज्या वळणासाठी लोक साहेबाच्या अकलेची तारीफ करायचे, ते या माणसांनी भाताची खाचरं वाचवायला घातलेलं होतं!

बांधाच्या पोटात त्याने लाकडी झडपेची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची मोरी, बसवली. भरती आली की झडप आपोआप बंद, ओहोटीला उघडी. मग श्रावणभर आतल्या जमिनीवर पावसाचं पाणी तुंबवायचं, दोन दिवसांनी सोडायचं, पुन्हा तुंबवायचं. दर वेळी हिराजी चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा. "अजून खारी." गणपती आले तेव्हा एकदाचा थुंकून म्हणाला, "झाली गोडी." मग शेजारच्या शेतांच्या बांधांवरची हरळी आणून आत लावली, कारण खाऱ्या वाऱ्याची तिला सवय होती.

कोजागिरीला दुपारी बाराचं उधाण. प्रधानसाहेब छत्री घेऊन बांधावर उभे. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली येऊन थांबलं. झडप आधीच घट्ट मिटलेली. आत हिरवंगार ग्रीन कोरडं ठाक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"शाबास, ओव्हरसीअर."

"मला नको, साहेब. हे हिराजीदादांनी केलं. मी अष्टमीला लेव्हल घेतल्या आणि त्यांच्या वडिलांचा बांध पाडला."

साहेबांनी छत्री मिटली. म्हणाले, "उद्यापासून तुम्ही हिराजीच्या हाताखाली. लेव्हल तुम्हीच घ्या. कधी घ्यायच्या, ते तो सांगेल."

नोकरी राहिली. पुढची चार वर्षं मी सकाळी हेडमाळ्याकडे हजेरी लावली आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. नव्या इंजिनिअरांना एवढंच सांगतो: जुनं काही पाडण्याआधी ते बांधणाऱ्याचं घर शोधा. बहुतेक वेळा ते हाकेच्या अंतरावरच असतं.