बोटभर फट

कपाटाचं दार उघडताच तोच आंबूस वास आला. बरेच महिने तो येत होता, आणि नवं कपाट आहे, वास यायचाच, अशी मावशी रोज स्वतःची समजूत घालत होती. आज मात्र वासापाशी गोष्ट थांबली नाही. दुसऱ्या फळीवरच्या गोल डबीच्या कडेला, झाकणाच्या अगदी खाली, पिठासारखी पांढरी रेघ उमटली होती.

मावशीने हातमोजे चढवले, नाकातोंडाला रुमाल बांधला, ओला कापूस त्या रेघेवरून अलगद फिरवला आणि खिडकीशी जाऊन पाहिला. मग ती तिथेच स्टुलावर बसली. डबीतलं शिसं पांढरं पडायला लागलं होतं.

आणि संग्रहालयाच्या बाई आज दुपारीच कपाट बघायला यायच्या होत्या.

गल्ली तिला डबीमावशी म्हणायची. एअरगनचे छर्रे बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. छर्रे म्हणजे वाटाण्याहून लहान, मधे कंबर आवळलेले शिशाचे दाणे. ते मापाने भरायचे, झाकण दाबायचं, वरून कागदाची पट्टी चिकटवायची, की पुढची डबी. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायकांनी हात धुतले आणि त्या दिशेला पुन्हा पाहिलं नाही. मावशीने जुन्या डब्या जमवायला सुरुवात केली. आपल्या कारखान्याच्या, मग दुसऱ्यांच्या, मग कुठल्या कुठल्या देशांतल्या. कुणाच्या झाकणावर वाघ, कुणाच्या झाकणावर उडतं बदक, तर कुणावर नुसती निशाण्याची लाल वर्तुळं. तिचा नवरा फर्निचरचा मिस्त्री होता. तो म्हणायचा, "लोकांची नोकरी सुटते. हिने ती घरी आणून ठेवली."

डब्या मिळायच्या कुठेही. फुगे फोडायच्या स्टॉलवाल्याकडे, गॅरेजमध्ये, भंगारात. रिकामी डबी दिसली की माणूस तिच्यात खिळे नाहीतर बटणं भरल्याशिवाय राहत नाही, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. ती समोरच्याला नवी कोरी घट्ट झाकणाची डबी द्यायची आणि जुनी घेऊन यायची. कोपऱ्यावरचा शिंपी एकदा म्हणाला, "मावशी, चांगली देऊन गंजकी नेताय. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे," मावशी म्हणाली. "तुझी बटणं काढून घे, मला उशीर होतोय."

घरी आणलेल्या डबीला पाणी लावायचं नाही, साबण तर मुळीच नाही. जुन्या छपाईवर ओला फडका घासला की वाघाच्या मिशा फडक्यावर येतात. मऊ ब्रशने धूळ झटकायची, गंजाला तेलाचं बोट लावायचं, मग मेणाचा पातळ हात. दुकानदाराने डकवलेली किमतीची चिठ्ठी असेल तर ती तशीच राहू द्यायची. आत छर्रे असतील तर तेही. सून म्हणायची, "आई, एवढं मी माझ्या तोंडाला जपलं असतं तर फोटोत तरी बरी दिसले असते."

इतकी वर्षं हा सगळा संसार पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत होता. कपाट आलं ते गेल्या वर्षी, आणि ते मुलाने स्वतःच्या हाताने केलं होतं.

त्या कपाटामागे मोठी हकिकत होती. मुलगा बापाच्या हाताखाली काम शिकला आणि बापाच्या तोंडाला कंटाळून त्याने ते सोडलं. मिस्त्रींना मुलाच्या कामात चूक सापडली नाही असा दिवस उगवत नसे. खुर्ची झाली की पाय बघ, दार झालं की बिजागरी बघ. एक दिवस मुलाने रंधा टेबलावर ठेवला आणि गोदामात नोकरी धरली. बापलेक पुढे एका घरात राहिले, पण लाकडाचं नाव दोघांनी काढलं नाही. मिस्त्री गेल्यावर वर्षभराने, कुणालाही न सांगता, मुलाने बापाची हत्यारं माळ्यावरून खाली काढली आणि आईसाठी काचेच्या दाराचं हे कपाट केलं. सांधे असे की नख जाणार नाही. काचेच्या कडेने पारदर्शक सिलिकॉन भरलं, आणि धूळ शिरू नये म्हणून दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी लावली.

"बाबा असते तर दोष काढलाच असता," तो म्हणाला होता. "आता तू काढ."

"दोष शिरायला जागा कुठे ठेवलीयस?" मावशी म्हणाली होती.

स्टुलावर बसल्या बसल्या तिला आपलंच हे बोलणं आठवलं आणि टोचलं. कारण कारखान्यात गोदामाचा मुकादम रोज काय करायचा, ते तिला त्या दिवशीही आठवलं होतं. भरलेल्या डब्या लाकडी खोक्यांत रचायच्या, आणि खोक्याच्या फळ्यांमध्ये बोटभर फट असायलाच हवी. मुकादम प्रत्येक खोक्यात बोट घालून बघायचा. बोट गेलं नाही तर खोकं परत. "लाकूड श्वास सोडतं," तो म्हणायचा. "तो कोंडलात तर शिसं पांढरं पडेल. मग आणि पुसत बसा." मुलगा रबराची पट्टी ठोकत होता तेव्हा मावशी चहाचा कप घेऊन मागेच उभी होती. मुकादमाचं बोट तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं. पण इतक्या वर्षांनी हातात हातोडी घेतलेल्या मुलाकडे बघून तिने तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. चहासारखंच.

तिने भराभर डब्या बाहेर काढायला सुरुवात केली. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि एकेक डबी मांडत गेली. सून ओले हात पुसत बाहेर आली.

"अहो आई, आजच काय हे? बाई येतील आता."

मावशीने तिला कापूस दाखवला आणि सगळं सांगितलं. सून खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिने कापसाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"आजचा दिवस जाऊ द्या. बाई बघून जातील, काम पक्कं होईल, मग सावकाश सांगू. त्यांच्या संग्रहालयातल्या त्या दालनाची सगळी कपाटं हाच करणार आहे. कालपासून जेवणाकडे लक्ष नाही त्याचं."

"आणि त्या कपाटांत त्या काय ठेवणार?"

"जुनी खेळणी म्हणाल्या होत्या. सैनिक, घोडे..."

"कशाचे?"

सुनेने कापसाकडे पुन्हा पाहिलं. सैनिक शिशाचे होते.

जिन्यावर मुलाची पावलं वाजली. तो आत आला तेव्हा त्याच्या हातात पॉलिशची बाटली आणि खांद्यावर मऊ फडका होता. जवळजवळ रिकामं कपाट बघून तो दारातच थांबला.

"डब्या पुसायला काढल्यास? आज?"

"बस जरा."

"तू बस म्हणालीस की काहीतरी वाईट असतं. बाबा गेले तेव्हाही आधी बस म्हणाली होतीस."

"तेव्हा बसला होतास. आता पण बस."

तो बसला नाही. मावशीने आडवळण न घेता सांगितलं, लाकडाचं, सिलिकॉनच्या आंबूस वासाचं, रबराच्या पट्टीचं. मुकादमाचंही सांगितलं. मुलगा आधी हसला. मग त्याचं हसू नुसतं ओठांवर राहिलं.

"कपाटाला वाळवी लागते, कपाट फुगतं. कपाटामुळे शिसं आजारी पडतं हे आज ऐकतोय. डबी भंगारातून आणलेली, आधीच खराब असेल."

"असू शकेल."

"मग?"

मावशी कपाटाशी गेली. कपाटाच्या मधल्या फळीवर एकच डबी तिने अजून हलवली नव्हती. हिरव्या पुठ्ठ्याची, चौकोनी, वरची कागदी पट्टी कधीच न फुटलेली. घरात सगळ्यांना माहीत होतं की हिला हात लावायचा नाही. पॅकिंगच्या टेबलावर मावशीच्या शेजारी बसायची ती मैत्रीण डावखुरी होती. सगळ्या बायकांच्या पट्टीचं उजवं टोक वर यायचं, हिचं डावं. मुकादम ओरडून थकला, पण तिचा हात बदलला नाही. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी दोघींनी एकेक डबी बांधली आणि एकमेकींना दिली. पुढे मैत्रीण गेली, तिच्या मुलीने मावशीची डबीही परत आणून दिली, आणि जोडी पुन्हा एका घरात आली. डावखुरीची डबी कपाटात दिमाखात बसली. मावशीची स्वतःची ट्रंकेतच राहिली.

तिने दोन्ही टेबलावर ठेवल्या.

"एकाच दिवसाच्या, एकाच घाण्यातल्या," ती म्हणाली. "कपाट येईपर्यंत दोन्ही ट्रंकेत होत्या. गेलं वर्षभर ही तुझ्याकडे, ती माझ्याकडे."

सुनेने न सांगता पाणी उकळायला ठेवलं. मावशीने स्वतःची डबी आधी घेतली. वाफेवर पट्टी धरली, डिंक मऊ झाल्यावर बोथट सुरी घातली, आणि काळ्या फडक्यावर छर्रे ओतले. राखाडी, गुळगुळीत, काल साच्यातून पडल्यासारखे. मुलगा वाकून बघत राहिला. खोलीत फक्त किटलीचा आवाज होता.

मावशीने दुसरी डबी उचलली.

"ती नको," मुलगा म्हणाला.

"का?"

"उगाच कशाला? मानलं मी."

"मानलंस, की मला गप्प करतोयस?"

तो पॉलिशच्या बाटलीचं झाकण उघडून बंद करत राहिला. लहान असताना तो डावखुरीच्याच टेबलाखाली पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर झोपायचा. जाग आली की ती त्याला पायाने हळूच ढोसायची.

मावशीने डबी हातात फिरवून बघितली. आतलं शिसं राखाडी निघालं तर मैत्रिणीच्या हाताची एकुलती एक घडी तिने फुकट उलगडलेली असणार, आणि मुलगा आयुष्यभर म्हणणार, आईही बाबांसारखीच निघाली. पांढरं निघालं तर त्याने काय करायचं हे तिला सांगता येणार नव्हतं. तिने पट्टी वाफेवर धरली. डावं टोक सावकाश सुटलं.

मग तिने झाकण उचललं. वरचा थर पिठात घोळल्यासारखा झाला होता. तळाशी थोडे राखाडी दाणे उरले होते, त्यांच्याही कमरेत पांढरी रेघ होती.

मुलाने हात पुढे केला.

"हात लावू नकोस, विष आहे ते," मावशी म्हणाली आणि फडका ओला करून वरून झाकला.

मुलगा कपाटाकडे गेला. दार लावलं. दार आणि चौकट यांच्या मधे करंगळी घालून बघितली. गेली नाही. मग त्याने नख घालून बघितलं. तेही गेलं नाही. त्या सांध्यांवरून त्याने तळवा वरपासून खालपर्यंत फिरवला. पाठमोरा असल्यामुळे मावशीला त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि तिला बसवतही नव्हतं.

"मी रबर ठोकत होतो तेव्हा तू मागे होतीस."

"होते."

"माहीत होतं?"

"माहीत होतं. सांगवलं नाही."

त्याने दार पुन्हा उघडलं.

"बाबांना हे कळलं नसतं," शेवटी तो म्हणाला. "ते बिजागरीवरच अडले असते."

सुनेला हसू आलं आणि तिने तोंडावर पदर धरला. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. टेबलावर पसारा, कपाट रिकामं, खोलीत वाफ. सून कुजबुजली, "मी त्यांना थोडं थांबायला सांगते." मुलाने नको म्हणून मान हलवली. खांद्यावरचा फडका काढून कपाटाच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः दार उघडलं.

संग्रहालयाच्या बाई छत्री मिटत आत आल्या. "उशीर नाही ना झाला? हेच का ते कपाट? अगं बाई, सुंदर आहे."

"कपाट नंतर," मुलगा म्हणाला. "आधी टेबलावर काय आहे ते बघा."

त्याने फडक्याचं टोक उचललं आणि दोन्ही डब्यांचं सांगितलं. एक ट्रंकेतली, एक या कपाटातली. काही लपवलं नाही, आणि आईचं नावही मधे आणलं नाही. बाई चष्मा काढून, पुन्हा लावून बघत होत्या. मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला धरून उभी होती.

"म्हणजे आमचे सैनिक..." बाई म्हणाल्या.

"वर्ष टिकले असते. कदाचित दोन."

"हे तुम्ही मला कशाला सांगताय? मी तर आज होकार द्यायला आले होते."

"आज नसतं सांगितलं, तर पुढच्या वर्षी तुम्हीच मला सांगितलं असतंत."

बाईंनी खुर्ची ओढली. "मग ठेवायचे कशात?"

मुलाने कपाटाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. "पत्रा आणि काच, असं वाटतंय. हवा खेळती हवी, पण धूळ नको. फट किती आणि कुठे, ते मला अजून माहीत नाही." तो मागे वळला. "आईला विचारावं लागेल."

"विचारा," बाई म्हणाल्या. "मी बसते."

मावशी पुढे आली. हातमोजे काढायचे राहिलेच होते. डावखुरीच्या डबीची उलगडलेली पट्टी तिच्या हातात होती, ती टाकायची कुठे हे तिला सुचलं नव्हतं. खिडकीजवळून येताना उजेड त्या कागदातून आला आणि ती अडखळली. आतल्या बाजूला, वाळलेल्या डिंकात, अंगठ्याचा ठसा होता, डाव्या हाताचा. पट्टी बंद होती तोवर तो कुणालाच दिसला नसता.

तिने पट्टी मुलाच्या हातात दिली. "ही सपाट राहू दे, काचेखाली. आणि कागद-पेन्सिल आण, मी फट दाखवते."