उजेडात ये, मग सांगते

शिरवण्याच्या गावठाणात इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत वाटीभर साखर देता येते. तिथं तळमजल्याच्या एका गाळ्यात प्रेमलाचं ब्युटी पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक आरसा, भिंतीला टेकलेलं कपाट आणि आवाज करणारा एसी, संपलं पार्लर. पण नेरुळपासून दिघ्यापर्यंत कुणाच्या घरी लग्न ठरलं की मुलीची आई आधी हॉलची तारीख घेते आणि लगेच प्रेमलाची. तारीख मिळून नवरी मुलगी खुर्चीत बसली, की तिला पहिलं वाक्य ऐकू येतं ते ठरलेलं.

"ऊठ. उजेडात ये, मग सांगते."

बिचारी मुलगी नुकतीच एसीच्या गारव्याला बसलेली असते. प्रेमला तिला दंडाला धरून बाहेर रस्त्यावर आणते, हनुवटीला बोट लावून तोंड उन्हाकडे फिरवते आणि गालाच्या खालून जबड्यापर्यंत फाउंडेशनच्या तीन पट्ट्या ओढते. रिक्षावाले हॉर्न देतात, भाजीवाला वजन करता करता थांबून बघतो. प्रेमलाला त्याचं काही नाही. ती चहा सांगते. चहा संपेपर्यंत पट्टी पुसायची नाही, हा तिचा कायदा. "ओला रंग खोटं बोलतो," ती म्हणते. "वाळला की खरं बोलायला लागतो." चहा संपला की ती पुन्हा बघते. दोन पट्ट्या चेहऱ्यावर दिसत असतात आणि एक कुठं गेली ते कळत नाही. "जी दिसत न्हाई, ती तुझी."

हे सगळं ती वाशीच्या कोर्समध्ये शिकली असेल असं लोकांना वाटतं. कोर्स तिनं केला, प्रमाणपत्रही आरशावर लावलंय. पण बघायला शिकली ती दाणा बाजारात. तिचा नवरा हौसेराव साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात माथाडी. नवी नवरी असताना प्रेमला त्याचा डबा घेऊन जायची आणि तो पाठीवरचं पोतं उतरवून येईपर्यंत गाळ्याच्या पायरीवर बसून राहायची. तिथं तिनं पाहिलं, की गहू घ्यायला आलेला माणूस पोत्यात लोखंडी नळी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि काही न बोलता गाळ्याबाहेर उन्हात जातो. तिनं विचारलं तेव्हा हौसेराव म्हणाला, "आत ट्यूबलाईटखाली समदा गहू सारखाच दिसतो. उन्हात धरला की मग झाक कळती. कुणाची पिवळी, कुणाची तांबूस. फसायचं नसलं तर झाक बघावी."

पुढं कोर्समधल्या बाईंनी अंडरटोन म्हणजे काय ते तासभर समजावलं, मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघायला लावलं. प्रेमला मनात म्हणाली, हात्तिच्या, ही तर झाक.

तेव्हापासून 'गव्हाळ' हा शब्द तिला चालत नाही. कुणी म्हणालं, मुलगी गव्हाळ आहे, की ही विचारणार, "कुठला गहू? लोकवन, सिहोर का खपली?" खपली तांबूस झाकेची, तिला पिवळं फाउंडेशन लावलं तर कावीळ झाल्यासारखी दिसते. आणि पिवळ्या झाकेच्या मुलीला गुलाबी लावलं तर ती लग्नात आजारी पडलेली दिसते. एकदा गावातल्या सरोजिनीताई मुलीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माजे पोरीला जरा गोरी कर गो बाय. फोटूत उठून दिसली पायजे."

"करते की," प्रेमला म्हणाली. "पण मग मान कुठं ठेवायची? आन हात? तोंड एका घरचं, मान दुसऱ्या घरची, आसं लगीन लावताय का तुमी?"

सरोजिनीताई आधी रागावल्या, मग हसल्या, मग स्वतःच खुर्चीत बसल्या. भीड भिकेची बहीण, असं प्रेमलाचं मत आहे. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण दोन शेड उजळ करून देणार नाही म्हणजे नाही.

इतकं सगळं खरं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही. सगळ्या शिरवण्याला झाक शिकवणारी ही बाई स्वतः सकाळी आरशापुढं उभी राहायची ती कपाटातली सगळ्यात वरची, उजळ बाटली घेऊन. लग्नात सासरकडच्या एका आत्याबाईंनी तिला बघून म्हटलं होतं, "सावळी हाय, पर कामाला वाघ हाय." त्यातला वाघ प्रेमला विसरली, सावळी लक्षात राहिली. तिच्या चेहऱ्याचा आणि मानेचा वर्षानुवर्षं अबोला होता. अख्ख्या गावाला ते दिसायचं, पण तिच्या तोंडावर बोलणार कोण? हौसेरावही गप्प. घरच्या मालावर शेरा मारू नये, एवढं व्यवहारज्ञान त्याला बाजारानं दिलं होतं.

तिची मुलगी प्रियदर्शिनी आईचाच रंग घेऊन आलेली, पण ती तो लपवत नव्हती. ती न्हावा शेव्याला कस्टम एजंटच्या ऑफिसात कामाला, बोलायला तडतडी. कॉलेजात असताना मामेबहिणीच्या लग्नात तिथल्या कुणी बाईनं हिचाही मेकअप केला होता. फोटो आले तेव्हा सगळ्या रांगेत हिचा चेहरा तेवढा राखेत बुडवून काढल्यासारखा. भावंडं अजूनही त्यावरून चिडवतात. एरवी हसून सोडणारी ही मुलगी त्या फोटोचं नाव काढलं की उठून जायची. दिघ्याच्या इंद्रजितशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं आईकडे साडी मागितली नाही की दागिना मागितला नाही.

"आई, एकच कर. लग्नाचे फोटो बघितले ना, तर त्यात मला मी दिसले पाहिजे. बास. बाकी कसलंच टेन्शन नाही."

प्रेमलानं महिनाभर आधीपासून तयारी धरली. लेकीला रोज उजेडात उभी केली. सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, ढगाळ दिवस. तीन बाटल्यांतलं थोडं थोडं मिसळून एक मिश्रण जमवलं, छोट्या बाटलीत भरलं आणि ती बाटली चक्क देव्हाऱ्यात ठेवली. हौसेराव रोज पूजा करताना बाटलीलाही फूल वाहायचा. चेष्टा म्हणून सुरू झालं, मग सवयच लागली.

गडबड झाली ती हळदीत. साताऱ्याकडची हळद म्हणजे पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानानं लावायची, नाजूक काम. प्रेमलाच्या हिशोबात तीच होती. पण इतकी वर्षं शिरवण्यात राहून पोरीची हळद अशी उरकायला आगरी शेजारी देतात होय? सरोजिनीताईंनी लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारीच गल्लीत मांडव घातला, बँजो पार्टी बोलावली आणि ओल्या हळदीचं पातेलं भरून आणलं. "आमचे गावातली पोर हाय ती. चिमूटभर हळदीत नाय जायाची." मग काय. डोक्यापासून पायापर्यंत मुलगी पिवळी. प्रेमला आधी "आगं हळू, हळू" करत होती, नंतर पदर खोचून नाचायला लागली आणि तिचंही तोंड, मान, हात सगळं माखलं. आगरी नवरी मुलींना ती आजवर बजावत आली होती, की हळद झाली की झाक बदलते, शेवटचा रंग लग्नाच्या सकाळीच ठरवायचा. स्वतःच्या लेकीच्या वेळी हे तिच्या डोक्यात आलंच नाही, कारण ती त्या दिवशी मेकअपवाली नव्हती. ती नवरीची आई होती आणि आनंदात होती.

सकाळी हॉलच्या खोलीत तिनं देव्हाऱ्यातली बाटली उघडली आणि लेकीच्या जबड्यावर पट्टी ओढली. पट्टी राखाडी दिसली. मान हळदीनं पिवळी आणि त्यावर ती राख. तोच फोटो. प्रियदर्शिनीनं आरशात पाहिलं आणि ती खुर्चीतून उठली. त्या फोटोचं नाव काढल्यावर उठायची, तशीच.

"हितं उजेडच न्हाई," प्रेमला म्हणाली. "चल बाहेर."

खोलीला खिडकी नव्हती. दोघी मागच्या पार्किंगमध्ये आल्या, नवरी अंगावर शाल गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीत. प्रेमलानं तळहातावर नवं मिश्रण करायला घेतलं, थोडं पिवळं, थोडं तांबूस. तीन पट्ट्या ओढल्या. बघितलं. पुन्हा बघितलं. पहाटेपासून कुणी "आता पोरगी जाणार" म्हणालं की ती रडत होती, डोळे सुजून गेले होते आणि आताही पाणी थांबत नव्हतं. तिन्ही पट्ट्या तिला सारख्याच दिसल्या. आयुष्यात पहिल्यांदा प्रेमलाला झाक दिसेना.

"आई, अगं बघ ना नीट."

"मला दिसंना गं," प्रेमला म्हणाली आणि मटकन दुसऱ्या खुर्चीत बसली. आपल्या हातून लेकीची एकुलती एक मागणी जाणार, या भीतीनं तिला आणखीच रडू आलं.

हौसेराव तिथंच आचाऱ्याच्या टेम्पोतून तांदळाची पोती उतरवून घेत होता. नव्या धोतराची आणि फेट्याची पर्वा न करता एक पोतं त्यानं स्वतःच पाठीवर घेतलेलं. ते ठेवून तो हात झटकत आला.

"काय झालं?"

लेकीनं सांगितलं. त्यानं तिच्या हनुवटीला बोट लावलं, तोंड उन्हाकडे केलं आणि डोळे बारीक करून उभा राहिला.

"आत्ता न्हाई सांगायचो. ओलं हाय. आधी च्या मागवा."

रडता रडता प्रेमलाला हसू आलं. आचाऱ्याकडून चहा आला. तिघं पार्किंगमध्ये चहा पीत बसले. नवरीच्या गालावर तीन पट्टे, आईच्या गालावर अश्रू, बापाच्या पाठीवर तांदळाची पांढरी पावडर. येणारे पाहुणे जरा लांबूनच नमस्कार करून आत गेले. चहा संपला. हौसेरावानं पुन्हा बघितलं.

"मधली कुठं गेली?"

प्रियदर्शिनीनं मोबाईलचा कॅमेरा उघडून स्वतःला पाहिलं. कडेच्या दोन पट्ट्या होत्या. मधली नव्हती. तिथं ती स्वतः होती, हळदीसकट. ती हसली आणि मग आईसारखीच रडायला लागली.

"रडू नको, गाल ओला होईल," प्रेमला ओरडली. डोळे पुसून तिनं मधल्या पट्टीचं मिश्रण पुरेसं करून घेतलं. लेकीचा चेहरा तिथंच उजेडात झाला. झाल्यावर प्रेमलानं पर्समधून आपली नेहमीची उजळ बाटली काढली. हौसेरावानं ती तिच्या हातातून घेतली, बाजूला ठेवली आणि लेकीच्या मिश्रणात बोट बुडवून प्रेमलाच्या जबड्यावर एक पट्टी ओढली. जाडं बोट, खरखरीत, पण पट्टी सरळ आली.

"आवो, हे काय?"

"गप. वाळू दे."

या वेळी चहाही मागवावा लागला नाही. पट्टी बघता बघता नाहीशी झाली. हौसेरावानं मान हलवली, बाजारात माल पसंत पडल्यावर हलवायचा तशी.

"प्रेमे, एकाच पोत्यातल्या हायसा दोघी. मला पयल्यापासनं ठावं होतं."

"मग बोलला का न्हाई कधी?"

"तू कधी उजेडात उभीच ऱ्हायली न्हाईस."

प्रेमलानं लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "आई, लाव ना. छान दिसतंय." मग तिनं तेच लावलं. चेहरा झाला, मान झाली, आणि इतक्या वर्षांनी दोघांचं बोलणं सुरू झालं.

फोटोग्राफर सकाळपासून स्टेजवर येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होता, "तुम्ही मुलीच्या कोण?" मावशी, काकू, सरोजिनीताई, सगळ्यांना विचारून झालं. अक्षता पडल्यावर प्रेमला लेकीशेजारी जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यानं काहीच विचारलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावत तो एवढंच म्हणाला, "आई, जरा जवळ सरका."