तांड्यातली पहिली दवंडी

हट्टा गावात आमचं घर वेशीला लागून होतं. त्यामुळं दवंडीवाल्याची हलगी सगळ्यात आधी आमच्या कानावर पडायची. उंच, वाळका माणूस. वाजवायच्या आधी हलगी धगीवर शेकायचा आणि बोटानं टिचकी मारून बघायचा. शेतसाऱ्याचा हुकूम असो की तहसीलदाराचा दौरा, शेवटी तो विचारायचाच, "बराबर?" मग मान तिरपी करून उत्तराची वाट बघायचा. कुणी देत नसे. मला तर चीड यायची. कशाला विचारतो हा?

ओढ्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात मात्र तो कधी गेला नाही. दवंडी वेशीपर्यंतच, अशी रीत होती. तांड्याला हुकूम कळायचा तो थेट शिपाई दारात आल्यावर.

निजामाचं राज्य गेल्याची खबर आली त्या सकाळी त्यानं हलगी शेकली आणि सरळ ओढ्यात उतरला.

पाटील ओरडले, "तिकडं काहून? तांड्यात दवंडीची रीत न्हाई!"

"रीत लावणारे गेले की, मालक," तो पाण्यातूनच म्हणाला.

आम्ही गावकरी अलीकडच्या काठावर थांबलो. पलीकडं बाया चुली सोडून आल्या, तांड्याचा म्हातारा नाईक काठी टेकत आला. हलगी कडकडली.

"ऐका हो ऐका! निजामाचं राज्य गेलं! आता तुमी अन् आमी एका देशाचे. बराबर?"

"बराबर!" सगळा तांडा गरजला.

तो दचकला. सांगायचं सगळं सांगून झालं होतं, तरी मान तिरपी करून त्यानं पुन्हा विचारलं, "बराबर?"

या खेपेला गावाच्या काठावरूनही उत्तर गेलं. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.