चाकं टेकली म्हणजे आली

सविताची आणि माझी शेवटची भेट तशी झालीच नाही. दिग्रसपलीकडच्या तिच्या बंजारा तांड्याबाहेर, बरड जमिनीच्या कडेला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी उभी होते आणि ती विमानातून डोक्यावरून गेली... इतक्या खालून, की खिडकीतला चेहरा ओळखू आला. क्षणभरानं ते छोटं विमान दगडांच्या ढिगावर आदळून उलटं झालं. पत्रा फाटल्याचा तो आवाज अजून कानातून जात नाही. तिला ओढून बाहेर काढताना माझे तळहात कापले, आणि रक्त तिचं कोणतं नि माझं कोणतं ते कळेना. ती गेली होती.

यवतमाळला होस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो. मी राळेगावची, कास्तकाराची पोर, ती तांड्यावरची, आणि भांडखोर दोघीही. एसटीत अंगचटीला येणाऱ्या एकाला तिनं जेवणाच्या डब्यानं असं बदडलं की त्याचा दात पडला, आणि वर कंडक्टरलाच दम दिला, "गाडी काहून थांबवली? मले पेपर आहे." पुढं ती वैमानिक झाली आणि पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत लहान विमानं उडवू लागली. तिकडं धावपट्टी म्हणजे उतारावर खरवडलेला दगडमातीचा आखूड पट्टा, एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. एकदा आत शिरलं की परत वर उचलायला जागा नाही. ती व्हिडिओ पाठवायची. दगड पोटाखाली फटाफट वाजताहेत, सगळं विमान थडथडतंय आणि ही बाई आपल्या तांड्याच्या गोर बोलीत शिव्या हासडतेय. "बाकीचे विमान उतरवतात, मले आपटावं लागते," असं म्हणायची.

एकच हट्ट होता तिचा, याडीच्या, म्हणजे आईच्या दारात एकदा उतरायचं. परवानगी मिळवली, विमान मिळवलं. तांड्यानं बरडावरचे दगड वेचून पट्टी केली, दगडांचा कडेला ढीग घातला. वारा कळावा म्हणून कापसाची वाळकी पऱ्हाटी पेटवून धूर केला. तिनं फोनवर बजावलं होतं, "पंखा थांबेस्तोवर कोणी धुरा ओलांडाचा नाही."

पण तांड्यात रीत आहे. लांबून आलेल्या लेकीच्या गळ्यात बायका पडतात आणि सूर लावून रडतात, तेव्हा कुठं ती आली असं होतं. चाकं टेकली म्हणजे पोर आली, असं याडीनं धरलं. टेकलेलं विमान अजून किती सुसाट पळतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती पदर सावरत पट्टीवर धावली. मी ओरडले, पण त्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? विमान सरळ आलं असतं तर पंख्यानं म्हातारीच्या चिंधड्या झाल्या असत्या. ते वळलं, ढिगाकडे.

दुसऱ्या दिवशी छापून आलं, वैमानिकाचा ताबा सुटला. मी तो पेपर टराटरा फाडला.

काही आठवड्यांनी तांड्यावर गेले. याडी पट्टीवरच होती, दगड वेचत. ती एकदाही रडली नाही, असं बायका सांगत होत्या. तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली, इतकी जोरात की श्वास अडकला.

"शोभा, खरं सांग. तिनं मले पाह्यलं होतं का?"

नाही म्हटलं असतं तर म्हातारी सुटली असती आणि चूक सविताच्या माथी बसली असती. हो म्हटलं तर... मला स्वतःचीच चीड आली, देवाची आली, त्या दगडांची आली.

"पाह्यलं, याडी. तुमच्यासाठीच वळवलं."

मिठी सुटली. तिनं स्वतःच्या छातीवर मुठी मारल्या, मी हात धरेपर्यंत मारत राहिली. मग सूर लागला, लेक आल्यावर लावतात तो. बरडभर घुमला. बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणाली, "मंग पेपरवाले खोटं कायले लिहितात? माह्या पोरीले येत होतं. तू लिही. मी आडवी गेलती म्हणून लिही."

"नाव घालू तुमचं?"

"घाल."

सविताचा भाऊ आता तिथं सोयाबीन पेरायचं म्हणतो. याडी पेरू देत नाही, रोज सकाळी पट्टी साफ करते. तिचं नाव सोनीबाई. ती आडवी गेली आणि सवितानं विमान वळवलं.