हंगामाबाहेरचा गूळ

सकाळी सातच्या सुमारास आमच्या शेतातल्या घरात गुळाच्या चहाचा वास दरवळू लागतो. पाहुणे तोवर उठलेले नसतात. पोरं रात्री उशिरापर्यंत पत्ते कुटून झोपलेली, बाहेर निळ्या फरशीच्या तलावात पाणी अगदी निश्चल, आणि त्या पाण्यात कडुनिंबाचा फांद्यांसकट उतरलेला आकार. स्वयंपाकघरात अक्का पातेलं चुलीवरून खाली घेते, उकळी बसू देते, आणि मग कुठे त्यात गूळ टाकते. आधी टाकला तर दूध नासतं. हे तिला कुणी शिकवलं ठाऊक नाही; पण इंदूरहून, सुरतेहून, नाशिकहून येणारी कुटुंबं जाताना तलावाइतकीच त्या चहाची वाखाणणी करतात. परवा सुरतेच्या एका बाईंनी सहज विचारलं, "काका, सगळ्यांना गुळाचा चहा आणि तुमचा कप वेगळा? साखरेचा? शुगर बिगर काही...?" म्हटलं, "नाही हो, सवय." खोटं बोललो. आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही. मोठं असं एकदाच बोललो, तेही तोंड न उघडता. त्या एका गोष्टीबद्दल आता उघडच लिहायचं असं ठरवलं आहे.

हे घर पांझरेच्या काठच्या आमच्या मळ्यातलं. धाब्याचं, म्हणजे वर कौलं नाहीत, सागवानी खणांवर मातीचं सपाट छत, आणि त्यावर दरवर्षी पसरायची खारी माती, जिच्यातून पाणी झिरपत नाही. मी धुळ्यात, देवपुरात राहून नोकरी केली, मुलं शिकवली, आणि घर इकडे तसंच राहिलं. मुलगी पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आली, छतावर चढली, खण ठोकून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, हे पाडायचं नाही. हे नीट करायचं. लोक अशा घरात चार दिवस राहायला येतात." गवंड्याला सिमेंटचा स्लॅब घालायचा होता, मी हट्टानं खारीच आणवली. खण घासून तेल पाजलं, भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या. घराबाबत माझी मुलीशी कुठेच कुरबुर झाली नाही. झाली ती एकाच ठिकाणी. मागच्या अंगाला गुऱ्हाळाचा दगडी हौद होता, बुजत आलेला, एरंडानं भरलेला. तिनं तो पाहिला आणि टाळ्याच वाजवल्या. "पूल इथेच! पूल नसेल तर कोणी फोटोसुद्धा उघडून बघत नाही." मी म्हटलं, दुसरीकडे कर. ती म्हणाली, का? या 'का'चं उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी ते दिलं नाही. गप्प बसलो. गप्प बसण्याचा मला सराव आहे.

त्या हौदात शेवटचं पाणी मी भरलं होतं. एकोणिसाव्या वर्षी.

ज्यांना फड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. आमच्या नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघायचा आणि गावच्या सगळ्या शेतांना मिळून एकच पाणी. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू. आणि या साऱ्याच्या मुळाशी एक रीत होती, तिच्याशिवाय बाकीचं काहीच उभं राहिलं नसतं: शेतकऱ्यानं पाण्याला हात लावायचा नाही. शेत तुझं, पीक तुझं, पण पाणी पाटकऱ्याचं, म्हणजे ते वाटायला गावानं नेमलेल्या माणसाचं. पाटाच्या काठाला प्रत्येक शेताचं एक तोंड, त्याला दारं म्हणायचं. ते फावड्यानं उघडायचं आणि मातीनं बुजवायचं ते पाटकऱ्यानंच. मालक बांधावर यायचा, हात पाठीमागे बांधून उभा राहायचा आणि आपल्या उसात पाणी शिरताना नुसता पाहायचा. आमच्या गावची आणखी एक रीत अशी की पाणी शेवटच्या शेतापासून सुरू व्हायचं. बंधाऱ्याजवळच्यांनी आधी पोटभर प्यायचं आणि टोकाच्यानं कोरडं राहायचं, हे आमच्याकडे नव्हतं. पाटकऱ्याला वर्षाचा गूळ आणि दाणे हंगामात घरोघरचे मिळत. बस्स. हंगामाबाहेर कुणी त्याला काही दिलं, तर त्याचा अर्थ एकच होई, चोरून दिलेल्या पाण्याची लाच, आणि तो कुणाला समजावून सांगावा लागत नसे.

आमचे पाटकरी म्हणजे आबा. सुकलेल्या शेंगेसारखे उंच, वाळके. पाण्याच्या आधी पाटातून चालत जात आणि पाणी त्यांच्या मागून येई, गाय यावी तसं. लहानपणी मी विचारलं होतं, "आबा, पाणी इतकं हळू का येतं?" तर म्हणाले, "पानीले घाई नही चालत, भाऊ. ते आपलं आपलं ई." त्यांची मुलगी म्हणजे ही अक्का. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दुपारी डोक्यावर भाकरी घेऊन यायची आणि बापानं शेवटचा घास खाल्ल्याशिवाय हलायची नाही. आबांना भाकरीवर गूळ लागे. मिरचीचा ठेचा असो, भरीत असो, शेवटची चतकोर गुळाबरोबरच.

मी तेव्हा धुळ्याच्या कॉलेजात. वैशाखात चार मित्रांना घेऊन गावी आलो. शहरातली पोरं, त्यांच्यापुढे मी फुशारकी मारून बसलो होतो की आमच्या मळ्यात पोहायला हौद आहे. आलो तर हौद ठणठणीत. एकजण म्हणाला, "यात पोहायचं की गोट्या खेळायच्या?" सगळे हसले. पाट भरून वाहत होता. ती पाळी शेवटच्या शेतातल्या उसाच्या नव्या लागणीची होती, आणि आबा तिकडे टोकाला, कोस-दीड कोसावर, फावडं घेऊन पाण्याची वाट पाहत बसले होते. मी आमचं दारं फोडलं. हातानंच फोडलं, माती ओली होती, चार उपशांत गेली. हौद भरला, आम्ही दुपारभर डुंबलो. मग बुजवायला गेलो तर बुजेना. माती टाकावी आणि पाण्यानं ती न्यावी. तोंड रुंदावत गेलं, पाणी पडीक रानात पसरलं. मित्रांना शेवटची गाडी गाठायची होती. आम्ही पळालो. खरं सांगायचं तर मित्र चालत गेले, पळालो मी.

लागण करपली. ऊन तसंच होतं, आणि पुढची पाळी आठ दिवसांनी.

संध्याकाळी आबा कोरड्या पाटातून वर चालत आले होते आणि दारं त्यांनीच बुजवलं. ओल्या चिखलात माझ्या कॅनव्हासच्या बुटांचे ठसे होते, जाळीदार तळाचे. गावात तसे बूट दुसऱ्या कुणाचे नव्हते. सकाळी ते आमच्या ओट्यापुढून गेले, माझ्या पायांकडे पाहिलं (मी चपला घातल्या होत्या), आणि काही न बोलता पुढे गेले. त्या नजरेनं मला पोळलं. मग मी जे केलं ते चांगल्या मनानं केलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. कोठीतली एक गुळाची ढेप उचलली आणि भर दुपारी, सगळे आडवे झालेले असताना, आबांच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. माफी मागायची लाज वाटली म्हणून गूळ ठेवला. वैशाखात. हंगामाबाहेर.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. दारं आमच्या शेताचं, आणि ढेप आबांच्या उंबऱ्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलेली. कुणाला काही जुळवावं लागलं नाही. मी पाराच्या कडेला, वडिलांच्या मागे उभा. वडिलांना काहीच माहीत नव्हतं. ते शपथा घेत होते, आणि त्या खऱ्या होत्या. पंचांनी विचारलं, "आबा, पानी कोठे गयं?" आबांनी फावडं पारावर आडवं ठेवलं. म्हणाले, "पानी मन्हा हातमां व्हतं. चुकनं ते मन्हंच." एवढंच. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या लेखी पाणी ज्याच्या हाती सोपवलं, त्याचा जाब त्यानंच द्यायचा. दारं कुणी फोडलं हा पुढचा प्रश्न. मी मात्र सोयीनं असं समजलो की त्यांना कळलेलंच नाही. ते फावडं त्यांनी पुन्हा उचललं नाही. पुढे नरडाण्याकडे कारखाने आले तेव्हा तिथल्या एका फाटकावर राखणीला राहिले. गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं. पाण्याची दारं धरलेला माणूस. मी एकदा बसमधून त्यांना तिथे पाहिलं आणि मान खाली घातली. काही वर्षांनी गेल्याचं कळलं.

घर नीट करायला काढलं तेव्हा मी अक्काला शोधून काढलं. स्वयंपाक, राखण, पाहुण्यांची सरबराई तुझ्याकडे, म्हटलं. ती आणि तिच्या दोन सुना आल्या. हीदेखील एक ढेपच होती, मागच्यासारखीच, न बोलता उंबऱ्यावर ठेवलेली. ती माझे उपकार मानी. पारावर चार बायांत सांगे की भाऊंनी आठवण ठेवली.

तलाव तयार झाला. शनिवारी पहिलं कुटुंब येणार होतं. बुधवारी पाणी सोडायचं म्हणून मी बोअरच्या व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला, तर मागून अक्का हसत म्हणाली, "आबा ऱ्हाता ना, ते तुम्हना हातवर फावडाना दांडा ठोकता. शेतकरीनी पानीले हात लावानं नही, ईसरनात का, भाऊ?"

माझा हात चाकावरच राहिला. आता नाही तर कधीच नाही, हे मला अगदी स्पष्ट दिसलं. काठावर बसलो आणि सांगितलं. दारं, बूट, मित्र, सगळं. ती सुपात तांदूळ निवडत उभी होती. बोटं थांबली नाहीत. माझं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"आनि ती ढेप?"

"तीपण मीच ठेवली, अक्का."

तेव्हा ती खाली बसली. सूप मांडीवर ठेवलं. मग तलावाच्या कोरड्या निळ्या तळाकडे पाहत म्हणाली, "मी आबाले कधीच ईचारं नही. ढेप देखी आनि गप बसनी." लग्न होईपर्यंत आणि पुढे आबा तिच्याकडे राहायला आले तेव्हाही, तिनं बापाच्या ताटात गूळ वाढला नव्हता. शेवटची चतकोर ते कोरडी खात. त्यांनी कधी मागितला नाही, आणि तिनं कधी दिला नाही. मी मान वर करू शकत नव्हतो. मी आजवर समजत होतो की मी आबांचं काम हिरावलं. लेकीचा बापही हिरावला होता, हे त्या घटकेला कळलं.

"अक्का, मी..."

"मन्हा कानमां सांगीसन काय व्हई?" ती उठली. "जठे आबाले बोलनात, तठे सांग. तवलगून हौदमां पानी सोडानं नही." जन्मात पहिल्यांदा तिनं मला 'तू' म्हटलं होतं.

मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाहुण्यांना मी कळवते, पाणी उशिरा भरेल म्हणून. तुम्ही आधी ते करून या, बाबा."

शनिवारी सकाळी मारुतीला नारळ वाढवून म्हातारी मंडळी पारावर बसतात. त्या वेळची चारच उरली होती. अक्का डोक्यावरून पदर घेऊन वडाच्या मुळाशी उभी राहिली. मी मोठ्यानं बोललो. मनात कितीदा घोकलेलं सगळं दोन मिनिटांत संपलं. एका बहिऱ्या नानांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हनस रे हाऊ?"

"म्हनस, पानी त्यानी फोडं व्हतं!"

"पानी? आते कोठे शे पानी?" नाना म्हणाले, आणि कुणीतरी हसलं. ते खरंही होतं. फड केव्हाच मोडला, पाटात बाभळी उगवल्या आहेत. पण एकजण हसले नाहीत. ज्यांची लागण करपली होती, ते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मीच बोलनू व्हतू आबाले चोर," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "इतला वरीस तोंडमां ढेप व्हती का तुन्हा? हौद बांधी बठ्ठा व्हयना, तव्हय सांगाले उना?" सगळा हौद बांधून झाल्यावरच मी सांगायला आलो होतो, ते खरंच होतं. ते उठले, अक्कापुढे गेले, काहीतरी पुटपुटले. तिनं मान हलवली.

परत आल्यावर ती थेट बोअरच्या चाकाशी गेली. "हात मांगे कर," म्हणाली. मी हात पाठीमागे बांधून काठावर उभा राहिलो. तिनं आधी दुसरी नळी उघडली, शेताच्या टोकाच्या वाफ्याची, आणि तिथलं पाणी शेवटच्या सरीला टेकल्यावरच तलावाचं चाक फिरवलं. नव्या निळ्या फरशीवरून पाणी सरकू लागलं. तिनं गुळाचा खडा पाण्यात सोडला, एक स्वतःच्या तोंडात टाकला, सुनांना दिला, गवंड्याला दिला. माझ्यापुढून ती तशीच पुढे गेली.

ती काम सोडून जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. तलावाचं पाणी तीच सोडते, तीच बंद करते. आठवड्यातून एकदा ते बदलताना मी हात बांधून उभा असतो आणि पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. फड गेला, पाट गेला, आबा गेले. रीत तेवढी उरली आहे, एका चाकापुरती, एका बाईच्या हातात. मला ती पुरेशी वाटते.

आणि रोज सकाळी सगळ्यांचे कप भरून झाले की अक्का माझा कप वेगळा आणते. साखरेचा. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सवय म्हणणार नाही. हे सगळं सांगेन, तिच्या देखत. आबांनी कधी गूळ मागितला नाही. मीही मागणार नाही. कप घेतो, आणि कोरड्या भाकरीसारखा तो चहा शेवटच्या घोटापर्यंत पितो.