लाईट गेली आणि शेवटच्या नळाला पाणी आलं

मागच्या मंगळवारी आमच्या गल्लीत भर दुपारी लाईट गेली... आणि लोक खूश झाले. बीड जिल्ह्यात मे महिन्यात असं सहसा घडत नाही, म्हणून लिहिते.

आधी गल्लीचं सांगते. तालुक्याचं गाव, गल्ली चढाची. नळाची लाईन खालून येते आणि वर टोकाला रुक्मिणबाईंच्या घरापाशी संपते.

पाणी आठवड्यातून एकदा. पाणी सुटलं की खालच्या घरांत थेट नळाला जोडलेल्या मोटारी सुरू होतात. जो तो ओढून घेतो आणि रुक्मिणबाईंच्या नळाला नुसती हवा येते.

मी मोटार लावलेली नाही. पोस्टात नोकरी केली, रांगेत घुसणारा माणूस मला चालत नाही. समोरच्या दत्ताभाऊंना हे बऱ्याचदा ऐकवून झालंय. ते म्हणतात, "काकू, सगळेच लावतेत. मी एकट्यानं कावून काढायची?" सगळेच असं म्हणतात, म्हणून कुणीच काढत नाही.

यंदा पालिकेने तलावावरच्या पंपाला सोलर बसवलं. मुख्याधिकारी मॅडम वॉर्डात येऊन समजावून गेल्या होत्या. उन्हाळे कडक होत चाललेत. लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्याची पाळी हुकली... मग जे ऊन आपल्याला छळतं तेच कामाला लावू, असं त्यांचं म्हणणं. पुढे ओढ्याकाठी झाडं, नव्या घरांना पाणी मुरवायचे खड्डे, असंही बरंच होतं. मी ऐकून घेतलं. मीटिंगा मी पुष्कळ पाहिल्यात.

जुनी टाकी पाडल्यामुळे सध्या पंपावरून थेट लाईनीत पाणी सोडतात. सोलर आल्यावर पाळी दुपारची झाली. घंटागाडीच्या भोंग्यावरून तसं पुकारलं तेव्हा बायकांनी बरंच तोंडसुख घेतलं. एवढ्या उन्हात नळावर कोण बसणार?

मंगळवारी आमच्या गल्लीची पहिलीच दुपारची पाळी होती. आणि रुक्मिणबाईंचा जीव त्या पाळीत अडकला होता...

त्यांची मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. मागच्या पाळीला त्यांच्याकडे दोन घागरीही भरल्या नाहीत. बाळंतिणीची अंघोळ, बाळाची दुपटी, सगळंच अडलं. मी माझ्यातलं दिलं, पण ते किती पुरणार?

शेवटी तेलगावहून जावयांचा फोन आला. मळ्यातल्या विहिरीला पाणी आहे, संध्याकाळी जीप घेऊन न्यायला येतो, म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. पण सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण परत पाठवायची, तीही माहेरी पाणी नाही म्हणून... आमच्याकडे आईला हे जन्मभर ऐकावं लागतं.

"आजच्या पाळीला आलं तर ठिवते काकू," रुक्मिणबाई म्हणाल्या. "न्हाईतर जाऊ द्या. लेकराचे हाल कावून करू?"

दुपारी पाणी सुटलं. खालून मोटारींची घरघर सुरू झाली. वरचा नळ नेहमीसारखा नुसताच खोकला. रुक्मिणबाई आत गेल्या आणि मनीषाची पिशवी भरायला लागल्या. मी त्यांच्या दारातच उभी होते.

आणि लाईट गेली.

मोटारी थांबल्या, पंखे थांबले. "गेली बे! आता पाळीबी गेली!" दत्ताभाऊ शेजाऱ्याला ओरडून म्हणाले. माझ्याही मनात तेच आलं. लाईट गेली की पाणी जातं, हे आम्हाला पाठ आहे.

पण पाणी गेलं नाही. पंप उन्हावर चालत होता, त्याला लाईटचं काय? आणि मधे ओढून घ्यायला एकही मोटार नव्हती. पाणी आपलं आपण चढ चढून वर आलं. रुक्मिणबाईंच्या नळाने दोन ठसके दिले आणि धार पडली... चांगली अंगठ्याएवढी.

"मने, घागर आण! न्हाई, तू उठू नको गं! काकू, तुमी धरा की!"

मी पदर खोचला आणि हंडे लावायला लागले. खालीही सगळ्यांना पाणी होतं, सारखं होतं. दत्ताभाऊ मोटार सोडवून नळाच्या खड्ड्यात उतरले होते, हातात बादली.

"काय दत्ताभाऊ, मोटारीवाचून अडलं का?" मी वरून विचारलं.

"पाण्याचं न्हाई अडलं काकू, कंबर अडली!" सगळी गल्ली हसली.

संध्याकाळी जीप आली. रुक्मिणबाईंनी जावयांना दारातच उभं केलं आणि पायांवर पाणी घातलं. तांब्याने नाही, आख्खी बादली. "आता सव्वा महिना झाल्याबिगर न्यायला येऊ नका, जावईबापू." ते बाळाला बघून, चहा घेऊन, ओल्या पँटीनिशी परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी पालिकेत गेले. म्हटलं, पाणी चालू असेल तेवढा वेळ आमच्या गल्लीची लाईट बंद ठेवा. मॅडम हसल्या नाहीत. वीज कंपनीशी मी बोलते, म्हणाल्या, पण गल्ली तयार आहे का ते आधी विचारा.

मी दत्ताभाऊंपासूनच सुरुवात केली. ते म्हणाले, "सगळ्यांचीच बंद होत असंल तर मी एकट्यानं कावून भांडू?"

काल दुसरी पाळी झाली. ठरवून लाईट बंद. तासभर पंखा नाही, मनीषा पुठ्ठ्याने बाळाला वारा घालत बसली होती. उकाडा लई होता. तक्रार कुणी केली नाही.

मॅडमना आणि पंपावरच्या मंडळींना मनापासून धन्यवाद. सोलरने पाळी हुकत नाही हे मीटिंगमध्ये कळलं होतं... रांगही सरळ होते, हे रुक्मिणबाईंच्या दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांनी दाखवलं. आता ओढ्याकाठची झाडं. पावसाळा लागला की मी विचारायला येणार आहे.