कायकू मावशीचा उजवा अंगठा

कोणतीही नवी वस्तू दाखवली की मावशी आधी वस्तूकडे नाही, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. मग विचारायची, "कायकू?" सगळा जन्म गौलीगुड्यात गेल्यामुळे मराठी बोलता बोलता 'कशाला'साठीचा हा दखनी शब्द तिच्या जिभेवर पक्का बसला होता. त्याला उत्तर दिलेलं तिला चालत नसे. माझ्या आईचा मिक्सर, शेजाऱ्यांचा सोफा, माझ्या साखरपुड्याची अंगठी, सगळं या एका शब्दात निकालात निघालं. आम्ही भाचरं तिला कायकू मावशीच म्हणायचो, आधी पाठीमागे आणि धीट झाल्यावर तोंडावर.

चैनीची एकच वस्तू तिनं आपणहून घेतली, ती म्हणजे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. तोही उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही बसस्टँडाकडे उंडारू नये म्हणून, कोठीच्या बाजारातल्या फुटपाथवरून. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर शेकडो खेळ लिहिलेले, आत चार-पाचच, पुन्हा पुन्हा तेच. "चोर लोक," म्हणत तिनं रणगाड्यांचा खेळ लावला. विटांच्या भिंती, वरून येणारे शत्रूचे रणगाडे आणि खाली मधोमध आपलं घर. घर फुटलं की खेळ खलास. आम्ही मुलं सुसाट पुढे जायचो. मावशी घरापासून हलायची नाही. "पुढं जाऊन कायकू मरायचं? येऊ दे की त्यांना." आम्ही मोठे झालो, खेळ विसरलो. ती मात्र निवृत्त झाल्यावरही दुपारचं जेवण झालं की कॅसेटीत फुंकर मारून बसायची.

मग तिच्या किडन्या गेल्या. हिमायतनगरच्या एका केंद्रात दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. महिनाभर ती माझ्यासोबत मुकाट्यानं आली आणि एके दिवशी म्हणाली, आता पुरे. "तिथं छताकडं बघत पडायचं, घरी येऊन झोपायचं, परत तिथंच. कायकू?" या वेळी तिला खरोखरच उत्तर हवं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. आई गेल्यावर मलाही तीच उरली होती. मी घाबरलो.

घाबरलेला माणूस खरेदी करतो. मी जुन्या कॅसेट लावून हातात धरून खेळायचं एक यंत्र मागवलं, पडदा त्यालाच बसवलेला. विकणाऱ्यांनी बालपण परत मिळेल असं लिहिलं होतं. बालपण परत करणाऱ्या या शहाण्यांना आमच्या कॅसेट त्यांच्या खाचेत बसत नाहीत, एवढंही ठाऊक नव्हतं. ते अस्सल कॅसेटींसाठी बनवलेलं, आणि अस्सल कॅसेट कोठीत कुणी पाहिली होती? मधे लावायला वेगळा तुकडा घ्यावा लागला. तो लावल्यावर कॅसेट पाठीतून एवढी बाहेर आली की यंत्र पिशवीत मावेना. किंमत तर मी बायकोलाही अर्धीच सांगितली.

"एकदा चल, एक गंमत दाखवतो," अशा गयावया करून मी मावशीला केंद्रात नेलं. ती खुर्चीत रेलली, सुया टोचून झाल्या आणि मी यंत्र पुढे केलं. तिनं ते एका हातानं उलटसुलट केलं. "जुनं चालवायला नवं घेतलंस. नव्यात जुनं बसवायला अजून एक डबडं घेतलंस. पैसे लई झालेत का रे?" तेवढ्यात सिस्टर तिच्या डाव्या हाताकडे बोट दाखवून तेलुगूत बजावून गेली, "अम्मा, चेय्यी कदपकंडी." त्या हातात सुया होत्या, तो हलवायचा नव्हता. आणि खेळायला दोन हात लागतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पक्का हौला आहेस, एकदम येडा," मावशी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मी स्टूल ओढलं, तिच्या पोटावरून हात आडवा नेला आणि यंत्राची डावी बाजू धरली. दिशा माझ्या अंगठ्याकडे, गोळ्या तिच्या. "भिंतीत कायकू घुसतोस? घर सोडू नको म्हटलं ना. तुला गाडी चालवायचं लायसन कुणी दिलं?" माझी अक्कल आजूबाजूच्या सगळ्या पेशंटांना कळली. खेळ ऐन रंगात आला आणि बॅटरीनं मान टाकली.

"एकदम बेकार वस्तू," मावशी म्हणाली. मग डोळे मिटून घेत, "परवा चार्जर आण."

त्यानंतर तिनं एकही खेप चुकवली नाही. दर वेळी यंत्राला शिव्या घातल्या, मला त्याहून जास्त घातल्या. पडदा टिचभर, आवाज डासासारखा, बटणं लहान मुलाच्या बोटांची. सगळं खरं होतं. हिमायतनगरच्या त्या खुर्चीशेजारी मी जितका सुखात होतो, तितका घरीही नव्हतो.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मावशी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

माझ्या टेबलावर यंत्र पाहून ऑफिसातली मुलं विचारतात, घेण्यासारखं आहे का. मी सांगतो, अजिबात नाही. महाग आहे, बोजड आहे, आपल्या कॅसेट बसत नाहीत, बॅटरी टिकत नाही.

तरी कधीतरी मी ते लावतो. आता दोन्ही अंगठे माझेच. मावशीनं सांगितल्याप्रमाणे रणगाडा घरापाशी उभा करतो, पुढे जात नाही. शत्रू समोर येतो. मी त्याच्याकडे तोंड वळवतो आणि सवयीनं थांबतो, ती गोळी मारेल म्हणून. तेवढ्यात घर फुटतं.